‘येतो’ म्हणून निघालेला जवान आणि मागे राहिलेलं घर : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण लिहायला घरातल्या मोठ्या माणसांनी आणि स्वतः जवानाने परवानगी दिली आहे. गाव, पलटण, नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घरात ज्या नात्याने माणसं ओळखली जातात तीच नाती इथे ठेवली आहेत : आप्पा, आई, सून, ताई, छोटी. मी साताऱ्यात कुटुंब समुपदेशक म्हणून काम करते. या प्रकरणात माझा पहिलाच सल्ला चुकला. तो कसा चुकला हे फौजी घरांना आणि माझ्यासारखं काम करणाऱ्यांना कळावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि त्यांचं स्मारक गावात उभं आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यातच. हे घर त्याच जिल्ह्यातलं, डोंगरकडेच्या एका गावातलं. जमीन कोरडवाहू, दोन म्हशी, आणि फौजेच्या पगारावर बांधलेलं चार खोल्यांचं पक्कं घर.

आप्पा वय साठ. १९८४ साली भरती झाले, २००८ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. ताई ही थोरली मुलगी, पुण्यात एका महाविद्यालयात शिकवते. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा तो जवान, २०१३ साली भरती झालेला. त्याची बायको सव्वीस वर्षांची, बारावी झालेली, सासरीच राहते. त्यांची मुलगी छोटी, पाच वर्षांची.

एप्रिल २०२५ मध्ये तो महिनाभराच्या सुट्टीवर घरी आला होता. गावची यात्रा होती, गोठ्यावरचे पत्रे बदलायचे होते. २२ एप्रिलला पहलगामला हल्ला झाला. २६ माणसं मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे आणि पनवेलची. त्या दिवसांत टीव्हीवर जे फोटो दिसत होते ते पाहून सून पदर डोळ्याला लावून म्हणाली होती, ‘सोडू नका असल्यांना.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच तिच्या मानेवर बसलं.

७ मेच्या पहाटे भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर हल्ले केल्याची बातमी आली. गावात फटाके वाजले. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी ताईने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. त्यातली शेवटची ओळ अशी होती : ‘ज्यांच्या घरातलं कुणी जाणार नाही, त्यांनी युद्ध मागू नये.’ तेव्हा तिचा भाऊ गोठ्याच्या पत्र्यावर बसून खिळे ठोकत होता.

रात्री नऊच्या सुमाराला त्याला युनिटमधून फोन आला. सुट्टी रद्द, मिळेल त्या गाडीने हजर व्हा.

निरोप

८ मेच्या सकाळी गावाने त्याला वाजतगाजत एसटी स्टँडवर नेलं. तिरंगा, हार, घोषणा. त्याआधी घरात काय झालं ते सुनेने मला नंतर सांगितलं.

रात्रभर ती त्याची पेटी भरत होती. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, काळ्या मसाल्याची पुडी, धुतलेले मोजे. पहाटे तीनच्या सुमाराला, सगळे झोपलेत असं पाहून ती त्याला म्हणाली, ‘अहो, दवाखान्याचा दाखला काढला तर? आठ दिवस तरी निघतील.’ तो काही बोलला नाही. तिच्या हातातली चटणीची बरणी घेतली, झाकण परत एकदा घट्ट केलं आणि पेटीत ठेवली.

सकाळी आईने औक्षण केलं, तळहातावर दही-साखर घातली. तो वाकून नमस्कार करत ‘जातो’ म्हणाला, तशी आईने त्याचं मनगट धरलं. ‘येतो म्हण.’ तो ‘येतो’ म्हणाला. त्याच वेळी छोटीने विचारलं, ‘पप्पा, तुम्ही कुणाला मारणार?’

या प्रश्नाला तीन माणसांनी एकदम तीन उत्तरं दिली. आप्पा म्हणाले, ‘दुश्मनाला.’ आई म्हणाली, ‘कुणाला नाही गं, ड्युटीला चाललाय.’ सून म्हणाली, ‘गप बस.’ तो स्वतः काही बोलला नाही. बाहेर ढोल सुरू झाला होता.

प्रश्न काय होता

निरोपाच्या गर्दीतच कुणीतरी ताईच्या चार ओळींचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकला. ‘फौजीची सख्खी बहीण बघा काय लिहिते.’ संध्याकाळी आप्पांनी तिला फोन केला : ‘पोरगं तिकडं निघालंय आन् तू हितं असलं लिवतीयास? मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस.’ त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद.

९ मेच्या रात्री ताईचा मला फोन आला. आम्ही पूर्वी एका प्रशिक्षणात भेटलो होतो. ती सांगत होती ते असं : आप्पा दिवसरात्र टीव्हीसमोर बसून असतात आणि ‘होऊन जाऊ दे एकदाचं’ म्हणतात. आईची रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकली आहे. वहिनी फोनवर नीट बोलत नाही. भाऊ अजून गाडीत आहे, मधूनमधून रेंज येते. जम्मूवर ड्रोन आल्याच्या आणि ब्लॅकआउटच्या बातम्या लागोपाठ येताहेत, आणि काही वाहिन्या तर खातरजमा न करता काहीही दाखवताहेत. ‘मी पोस्ट काढून टाकू का? माफी मागू का? सांगा तुम्ही.’

मी हे भांडण म्हणून ऐकलं. बाप युद्धाच्या बाजूचा, लेक विरोधातली, मध्ये आई आणि सून. प्रत्यक्षात तसं नव्हतं. चौघांच्याही मनात दोन्ही गोष्टी होत्या. घरातला माणूस निघाला आणि प्रत्येकाने एकेकच गोष्ट पुढे केली, दुसरी गिळली. एकाने गिळलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं की त्याचा राग येतो. आप्पांना लेकीचा आला तसा. हे मला कळायला चार दिवस लागले आणि तेवढ्यात एक नुकसान करून झालं.

पहिला निर्णय : पोस्ट काढायची की ठेवायची

माझ्यासमोर तेव्हा तीन वाटा होत्या. पोस्ट तशीच ठेवून ताईने घरापासून काही दिवस लांब राहावं. पोस्ट ठेवावी आणि तिने घरी येऊन समोरासमोर बोलावं. किंवा पोस्ट काढून, घरच्या ग्रुपवर माफी मागून विषय मिटवावा.

मी तिसरी वाट सुचवली. माझा हिशोब सरळ होता. जवान प्रवासात आहे, आईचा रक्तदाब वाढलेला आहे, गावात बोलणं चाललंय, तर सगळ्यात आधी आग विझवावी. मतं नंतर. ‘आत्ता तुमच्या मताची वेळ नाही,’ असे माझे शब्द होते. मी ते वहीत लिहून ठेवले होते, म्हणून आज नाकारता येत नाहीत.

ताईने १० मेच्या सकाळी पोस्ट काढली आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘माझं चुकलं. आप्पा, माफ करा.’ आप्पांनी उत्तर दिलं नाही. आईने हात जोडल्याची खूण टाकली. त्याच सकाळी भावाचा मेसेज आला : ‘पोहोचलो. फोन जमा करतोय.’

त्याच दिवशी दुपारी दोन्ही देशांच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी कारवायांच्या प्रमुखांचं, फोनवर बोलणं झालं आणि संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरल्याची बातमी आली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि शेजारी वाटली. सून न्हाणीघरात जाऊन रडली. आप्पा भरल्या ताटावरून उठले. ‘अर्ध्यात सोडलं,’ एवढंच म्हणाले आणि गोठ्यात जाऊन बसले.

मला वाटलं, धोका टळला, आता घर आपोआप शांत होईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा पुन्हा फोन : ‘वहिनी जेवत नाहीये. आईने मला गुपचूप फोन करून सांगितलं.’

घरी गेल्यावर

११ मे, रविवार. मी गावी गेले. सून चहा करायच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिने मोबाइल पदराने पुसून माझ्यासमोर धरला. काल सकाळपासून त्याच्या बंद नंबरवर तिने ५३ वेळा फोन लावला होता. रात्री दोन, दोन वाजून चार मिनिटं, दोन वाजून नऊ मिनिटं.

मी विचारलं, लढाई थांबली हे कळल्यावरही?

ती म्हणाली, ‘ते थांबलंय हो. पण मॅडम, वन्संनी जे लिहिलं होतं ते मीच मनात म्हणत होते. फक्त त्यांनी लिहिलं. मग त्यांनी माफी मागितली. म्हणजे ते चूकच होतं ना? मग मी काय झाले? मी तर त्यांना दाखला काढा म्हणाले.’

दाखल्याची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, त्याहून हळू आवाजात : ‘आणि टीव्हीसमोर बसून सोडू नका म्हणणारी पण मीच. तेव्हा हे जातील असं डोक्यातच आलं नाही. दुसऱ्याचं कुणीतरी जाईल असंच धरलं होतं मी.’

माझ्या सल्ल्याने काय केलं होतं ते मला त्या ओट्यापाशी दिसलं. या घरात भीतीचं वाक्य उघडपणे म्हणणारं एकच माणूस होतं, आणि मी त्यालाच माफी मागायला लावली होती. सून घरातल्या घरात एकटी पडली. आपल्या भीतीला आता तीच ‘पाप’ म्हणू लागली होती.

समोरचे पर्याय

इथून पुढे काय करायचं, यावर मी आणि माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी त्या रात्री बराच वेळ बोलून घेतलं.

सुनेला आठ दिवस माहेरी पाठवणं हा सगळ्यात सोपा उपाय दिसत होता. तिलाही जावंसं वाटत होतं. पण नवरा सीमेवर आणि सून माहेरी, याचा गावात जो अर्थ लावला जाईल तो तिलाच परत येऊन सोसायचा होता. शिवाय फोन आला तर तो आधी सासरच्या नंबरवर येणार, या धास्तीने ती तिथेही झोपली नसती. तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला. रद्द केला नाही.

डॉक्टरांकडे नेणं गरजेचं होतं, आईला रक्तदाबासाठी आणि सुनेला झोपेसाठी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी सुनेच्या मोबाइलमध्ये साठवून दिला. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झालेला आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, ‘तिथं सांगितलं तर ह्यांच्या सर्व्हिस बुकात लिहितील का?’ तसं काही होत नाही, असं मी दोनदा समजावलं. तरीही तिने फोन केला नाही.

राहता राहिला तो पर्याय म्हणजे चौघांना एकत्र बसवणं. त्यात धोका होता. युद्ध हवं की नको हा वाद पुन्हा पेटला असता आणि आप्पा उठून गेले असते. सहकारी बाई म्हणाल्या, त्यांना युद्धावर बोलायला लावूच नकोस. त्यांच्यात एकमत करायला आपण गेलेलोच नाही.

काय केलं

आधी टीव्ही. बंद करा म्हटलं असतं तर आप्पांनी ऐकलं नसतं. टीव्हीसमोर बसणं ही त्यांची ड्युटी होती, त्यांच्या परीने ते मुलाच्या चौकीवर पहारा देत होते. म्हणून मी त्यांनाच विचारलं, ‘आप्पा, तुमच्या वेळी घरी बातमी कशी कळायची?’ ते म्हणाले, रेडिओवर. मग ठरलं की सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या. त्या आप्पांनी ऐकायच्या आणि घराला सांगायच्या. मधल्या वेळात टीव्हीवर छोटीचं कार्टून. आप्पांनी हे तीन दिवस काटेकोर पाळलं. चौथ्या दिवशी एकदा मोडलं, ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

दुसरी गोष्ट जड होती. सून रात्री फोन का लावत होती? तिला वाटत होतं की काही बरंवाईट झालं तर ते आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्यातरी स्टेटसमधून कळेल. हे कसं कळतं याची घरात एकालाच माहिती होती, आप्पांना. पण घरात असं बोलणं अभद्र मानतात. आई तर मी विषय काढताच ‘शुभ बोला’ म्हणाली.

बोलायचं की नाही, हा या प्रकरणातला मला सगळ्यात अवघड वाटलेला निर्णय. मी सुनेला विचारलं, तुला माहीत हवंय का? ती म्हणाली, हो. मग मी आप्पांना विचारलं. ते बराच वेळ तंबाखूची डबी उघडझाप करत बसले. मग सुनेकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी सांगितलं : अशी बातमी स्टेटसला येत नाही. युनिटकडून येते. जवानाने लिहून दिलेल्या जवळच्या नातेवाइकाला कळवतात, सैनिक कल्याण कार्यालयाची, तालुक्याची माणसं घरी येतात. ‘फोन लागत न्हाई म्हंजे फोन जमा हाय. त्याचा दुसरा काय बी अर्थ न्हाई. आमच्या टायमाला महिना महिना पत्र नसायचं.’

आई उठून आत गेली होती. सून मात्र पूर्ण ऐकत बसली. त्या रात्री तिने नऊ वेळा फोन लावला. पुढच्या रात्री दोनदा.

तिसरी गोष्ट, युनिटशी बोलायचं काम एकाच माणसाकडे. आप्पांनी दिवसातून एकदा, त्यांच्या ओळखीच्या सुभेदार साहेबांमार्फत चौकशी करायची. सुनेने त्याच पलटणीतल्या दुसऱ्या एका जवानाच्या बायकोचा नंबर मिळवला, ती कोल्हापूरकडची. दोघी रोज संध्याकाळी बोलू लागल्या. हे माझ्या यादीत नव्हतं, तिने स्वतःच केलं, आणि माझ्या मते त्याचा उपयोग माझ्या कुठल्याही बैठकीहून जास्त झाला.

बैठक

१३ मेला चौघं एकत्र बसली. ताई पुण्याहून आली होती. दारात आल्यावर आप्पांनी तिला ‘जेवलीस का’ विचारलं, पाच दिवसांतलं पहिलं वाक्य. छोटीला शेजारी पाठवलं होतं.

मी एकच नियम घातला. देश, सरकार, पाकिस्तान, टीव्ही हे शब्द आज नकोत. प्रत्येकाने दोन वाक्यं सांगायची, दोन्ही खरी, आणि एकमेकांना छेद देणारी. मधे कुणी बोलायचं नाही.

सुनेने सुरुवात केली, त्याबद्दल मला तिचं आजही कौतुक आहे. ‘सोडू नका असं मी म्हणाले होते. दाखला काढा असंही मीच म्हणाले.’ आई दचकली. आप्पांनी मान वर केली, पण बोलले नाहीत.

ताई म्हणाली, ‘मला युद्ध नको वाटतं. आणि स्टँडवरचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला, त्यात लोक त्याच्या नावाने ओरडत होते, तो मी वीस वेळा पाहिला. छाती भरून आली माझी.’ मग तिने एक गोष्ट सांगितली जी तिने मलाही सांगितली नव्हती. ८ तारखेला ती पुणे स्टेशनवर भावाला भेटली होती. पोस्टचा विषय तिनेच काढला. तो म्हणाला, ‘राहू दे ताई. घरात कुणीतरी तेपण म्हणायला पाहिजे.’ आणि गाडी हलताना, ‘आईची गोळी बघ.’

मी वहीत मान घालून बसले. ज्याच्या काळजीपोटी मी ती पोस्ट काढायला लावली, त्यालाच ती हवी होती. मी ताईला एकदाही विचारलं नव्हतं की भाऊ काय म्हणाला.

आईला दोन वाक्यं सुचेनात. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘भरतीच्या वेळी पहाटे चारला मीच त्याला उठवायची. सोळाशे मीटर पळायचं असतं. हरभरे भिजवून ठेवायची, कंदील घेऊन बांधावर उभी राहायची. मीच पळवला त्याला.’ आणि मग, ‘त्यानं हे घर बांधलं.’ घराच्या भिंतीकडे तिने हात केला. त्या दोन वाक्यांत छेद कुठे आहे हे तिला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना दिसत होता.

आप्पांची पाळी आली तेव्हा मला वाटलं ते टाळतील. त्यांनी २००१ सालापासून सुरुवात केली. डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेवर नेलं, ऑपरेशन पराक्रम. आप्पांची पलटण राजस्थानात होती. २००२ च्या ऑक्टोबरपर्यंत, दहा महिने. शेतांमध्ये सुरुंग पेरले. लढाई झालीच नाही. सुरुंग पेरताना त्यांच्या तंबूतला एक जण गेला, कराडकडचा. ‘सकाळी माझ्या मगात चहा पिऊन गेलेला. लढाई न्हाई, काय न्हाई. त्याच्या बायकोला आम्ही काय सांगायचं, कशात गेला म्हणून?’

खोलीत कुणीच हललं नाही. ताई तेव्हा दहा वर्षांची होती. ते दहा महिने तिला आठवत होते, कारण आईने त्या काळात देवापुढचा दिवा विझू दिला नव्हता. पण ही गोष्ट तिने आणि आईनेही पहिल्यांदाच ऐकली, तेवीस वर्षांनी.

मग आप्पा म्हणाले, ‘होऊन जाऊ दे म्हणतो ते यासाठी. त्यालाबी आता तसंच बसवतील. ना लढाई, ना घर.’ आणि थोडं थांबून दुसरं वाक्य : ‘आन् होऊ नये असंबी वाटतं.’

१० तारखेला ताटावरून उठलेल्या माणसाचा राग मी त्या दिवशी पूर्ण चुकीचा वाचला होता. तो मला लढाईची हौस वाटला होता.

काय झालं

१५ मेला जवानाचा फोन आला. चाळीस सेकंद. तो ठीक होता. त्याने विचारलं, ‘म्हैस व्याली का?’ सून म्हणाली, ‘व्याली. रेडी झाली.’ फोन कट झाल्यावर तिला आठवलं की बाकी काहीच विचारलं नाही. पण त्या रात्री ती सहा तास झोपली.

आईचा रक्तदाब आठवड्याभरात ताब्यात आला. आप्पा आणि ताई यांचं मत जुळलेलं नाही. दिवाळीत दोघांचा पुन्हा एकदा याच विषयावरून जोरात वाद झाला. फरक इतकाच की वाद झाल्यावर ताई निघून गेली नाही, आणि आप्पांनी तिला परत जाताना तुपाची बरणी दिली. गावच्या ग्रुपवर ती आजही नाही. ज्याने स्क्रीनशॉट टाकला त्याच्याशी कुणी बोललेलं नाही, आणि तो विषय आप्पांना आजही टोचतो.

ताईने पोस्ट पुन्हा टाकली नाही. मी तिच्याशी बोलून माझी चूक मान्य केली. ती म्हणाली, ‘तुम्ही सांगितलं म्हणून काढली असं नाही, मला काढायचीच होती. तुमचं फक्त निमित्त झालं.’ हे तिने माझ्यासाठी म्हटलं असावं.

छोटीच्या प्रश्नाचं मात्र आम्ही फार उशिरा पाहिलं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिच्या बाईंनी सांगितलं की ती खेळताना दुसऱ्या मुलांना ‘तू दुश्मन’ म्हणून ढकलते आणि मग स्वतःच रडते. तिला तीन उत्तरं मिळाली होती आणि तिने तिन्ही धरून ठेवली होती. ऑक्टोबरात वडील सुट्टीवर आले तेव्हा तिने पुन्हा विचारलं. त्याने तिला मांडीवर घेऊन सांगितलं, तो रात्री जागा राहतो म्हणजे बाकीचे झोपू शकतात, आणि कधीकधी त्यालाही भीती वाटते. ‘पप्पांना भीती वाटते’ हे तिने दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगितलं. आप्पांना ते आवडलं नाही. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे ढकलणं कमी झालं आहे, पूर्ण थांबलेलं नाही.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्या फोनवर मी ताईला थांबायला सांगेन. पोस्ट ठेवा किंवा काढा यातलं काहीच सांगणार नाही. आधी तीन प्रश्न विचारेन : निघालेला माणूस स्वतः काय म्हणाला? घरात सगळ्यात गप्प कोण आहे? तुम्ही जे बोललात ते त्या गप्प माणसाला कसं वाटलं असेल? यातला एक जरी विचारला असता तरी ५३ फोनांची रात्र टळली असती, असं मला वाटतं.

मुलांकडे पहिल्या दिवशी बघेन. पाच वर्षांच्या मुलीला काय सांगायचं हे घरातल्यांनी एकदा बसून ठरवायला हवं होतं. शब्द कुठलेही चालले असते, पण सगळ्यांनी एकच सांगायला हवं होतं. ते दहा मिनिटांचं काम होतं.

बैठक आणखी दोन दिवस आधी घेता आली असती का, यावर माझं आणि सहकारी बाईंचं एकमत नाही. त्यांच्या मते ११ तारखेलाच घ्यायला हवी होती. मला वाटतं, आप्पांनी आधी बातमी कशी येते ते सुनेला सांगितलं, म्हणूनच ते नंतर कराडच्या त्या माणसाबद्दल बोलू शकले.

आणि कागदपत्रं. हे मे महिन्यात कळलं, पण तेव्हा मी मुद्दाम विषय काढला नाही. लग्नाची नोंद युनिटमध्ये झालेली होती, तरी त्याच्या गटविम्यावर वारस म्हणून अजून एकट्या आईचंच नाव होतं, भरती झाला तेव्हाचं. सुनेला ते माहीत होतं. सासू-सासऱ्यांना सुचवायचं म्हणजे नवऱ्याच्या मरणाचा हिशोब करते असं दिसेल, म्हणून ती सहा वर्षं गप्प होती. नवरा सीमेवर असताना हा विषय काढणं क्रूर ठरलं असतं, हे मला अजूनही बरोबर वाटतं. पण याचा अर्थ असा की तो विषय सुट्टीत, शांततेत, गोठ्याचे पत्रे बदलताना निघायला हवा. फौजी घरांना मी आता हे पहिल्याच भेटीत सांगते : लग्न झालं, मूल झालं, की पुढच्याच सुट्टीत नॉमिनेशनचा कागद बघा आणि तो जवानाने स्वतः आई-वडिलांसमोर बघावा. बायकोला मागायला लावू नये.

ऑक्टोबरच्या सुट्टीत त्याने तसं केलं. आईसमोर बसून सांगितलं की दोघींची नावं घालतोय, अर्धं-अर्धं. आई म्हणाली, ‘माझं काढलंस तरी चालेल.’ त्याने काढलं नाही. फॉर्म युनिटमध्ये गेल्यावर त्याची झेरॉक्स टपालाने घरी आली. ती सुनेच्या कपाटात साड्यांच्या खाली, पाकिटासकट ठेवलेली आहे. तिने ते पाकीट अजून उघडलेलं नाही.